साधी काडेपेटी, अवघड चित्र

चित्रकला शिकायला बसलेल्या माणसाला आधी काय काढावेसे वाटते? चेहरा, फूल, धावता घोडा. खोके काढावे असे कुणाच्या मनात येत नाही. त्यात काढण्यासारखे आहे काय! पण एक काडेपेटी टेबलावर तिरपी ठेवा, फूटपट्टी दूर सारा आणि नुसत्या हाताने ती कागदावर उतरवून पाहा. नवशिक्याची पेटी बहुधा मागच्या बाजूला पसरलेली निघते. मग ‘आपल्या हाताला वळणच नाही’ असे म्हणत तो वही मिटतो. अशा मिटलेल्या वह्या पुष्कळ घरांत आहेत.

माझ्या मते यात हाताचा दोष थोडा आणि मनाचा जास्त. पेटीच्या समोरासमोरच्या कडा समांतर आहेत, मागची कड पुढच्या कडेएवढीच लांब आहे, हे मनाला पक्के ठाऊक असते. डोळ्याला तसे दिसत नाही. रेल्वेचे रूळ दूर जाताना एकमेकांजवळ येताना दिसतात, तशाच पेटीच्या कडाही मागे जाताना किंचित जवळ येतात आणि मागची कड आखूड दिसते. नवशिक्याचा हात डोळ्याऐवजी मनाचे ऐकतो. मी कवितेच्या प्रांतातला माणूस. तिथे मनाचे ऐकूनच चालावे लागते, म्हणून मला या उलट्या शिस्तीची मोठी गंमत वाटते.

या शास्त्राला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात, मराठीत यथादर्शन. त्याची भूमिती पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये घडली. ब्रुनेलेस्कीने प्रयोग केले आणि अल्बर्तीने १४३५ मध्ये ती ग्रंथात मांडली. त्याआधी, १४२७ च्या सुमारास, मसाच्चोने तिथल्या एका चर्चच्या भिंतीवर ‘ट्रिनिटी’ हे चित्र रंगवले. त्याच्या गिलाव्यात खिळ्याची आणि ताणलेल्या दोऱ्याची खूण अभ्यासकांना सापडली आहे. एवढ्या मोठ्या चित्रकारालाही दोरा लागला, हे नवशिक्याने लक्षात ठेवावे. आपल्याकडच्या लघुचित्रांत चौरंगाच्या कडा अनेकदा समांतरच राहतात, कधी मागे पसरतातही. ती त्या चित्रकारांची रीत होती, चूक नव्हे. आपली पेटी मात्र आपण न ठरवताच पसरते. फरक तिथे आहे.

आता प्रत्यक्ष सराव. पेन घ्या. पेन्सिल नको आणि खोडरबर तर नकोच, कारण खोडलेली चूक तपासता येत नाही. पेटीचा आपल्याजवळचा वरचा कोपरा निवडा. तिथून तीन कडा फुटतात, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. त्यांच्यामधले तिन्ही कोन साधारणपणे काटकोनाहून मोठे दिसायला हवेत. एखादा लहान झाला की पेटी वाकडी वाटू लागते. रेषा कुठून कुठे जाणार तिथे दोन ठिपके द्या, हात कागदाच्या वर दोन-तीनदा फिरवा आणि मग मनगट न वळवता खांद्यापासून एका दमात रेषा ओढा. ती थोडी थरथरली तरी चालेल, दिशा चुकता कामा नये.

नऊ कडा दिसतात. पेटी काचेची आहे असे समजून लपलेल्या तीनही काढा. एकूण बारा झाल्या, म्हणजे तीन दिशांना चार-चार. आता लाल पेनाने प्रत्येक चौकडी दूरच्या बाजूला लांबवत न्या. चारही रेषा एकाच बिंदूकडे झुकायला हव्यात. हा बिंदू बहुतेक वेळा कागदाबाहेर पडतो, त्यामुळे तो नेमका सापडला नाही तरी बिघडत नाही. पण एखादी रेषा बाकीच्या तिघींपासून दूर पळत असेल, तर लाल शाई ते लगेच दाखवते. सगळ्यात जास्त घोटाळा लपलेल्या मागच्या कोपऱ्यात होतो, कारण आधीच्या सगळ्या चुका तिथे गोळा होतात. तो कोपरा ओढूनताणून जुळवू नका. पुढची पेटी काढा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हे बिंदू फार जवळ घेतले तर काडेपेटी काडेपेटी राहत नाही, रस्त्यावरून मान वर करून पाहिलेल्या इमारतीसारखी दिसते. हातात मावणाऱ्या वस्तूच्या कडा फार हळू जवळ येतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रात मुलांची पुस्तके आणि डबे नको तितके अवाढव्य दिसतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

रोज पाच पेट्या काढल्या तर पन्नास दिवसांत अडीचशे होतात. पहिल्या आठवड्यात फरक दिसेलच असे नाही. पानावर तारीख घालत चला. पेटी सावरू लागली की तिचा ड्रॉवर अर्धा बाहेर ओढून ठेवा आणि तोही काढा. त्याच्या कडा पेटीच्याच बिंदूंकडे गेल्या पाहिजेत. त्यानंतर कपाट, खाट, कौलारू घर, आणि तिरके वळलेले माणसाचे डोकेही आधी अशाच पेटीत बसवून पाहता येते.