आपल्याच नोकरीसाठी पुन्हा अर्ज?

मागच्या महिन्यात विहारात वंदना आटोपल्यावर एक बांधव खिशातून घडी केलेला कागद काढून आमच्यापुढे बसले. एकोणीस वर्षे एकाच कारखान्यात, एकाच खात्यात हात काळे केलेला हा माणूस. कागदावर लिहिले होते की, कंपनीची 'पुनर्रचना' होत असल्याने जुनी पदे संपली, नव्या पदांसाठी इच्छुकांनी आठ दिवसांत अर्ज करावेत, मुलाखत होईल. सोबत दुसरा कागद होता, छापील राजीनाम्याचा. तारीख तेवढी कोरी. "दादा, सही करू का?" एवढाच त्यांचा प्रश्न.

आम्ही म्हणालो, अर्जाचे बघू. राजीनाम्याला हात लावू नका.

का, ते समजून घेतले पाहिजे. पद संपले म्हणून मालक कामगाराला काढतो, त्याला कायदा कामगार कपात म्हणतो. कपात फुकट होत नाही. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम भरले की ते सलग वर्ष धरले जाते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होते आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा घेतलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पण स्वेच्छानिवृत्ती ही कपात नव्हे. तो कोरा राजीनामा एवढ्यासाठीच असतो. सही झाली की एकोणीस वर्षे गेली, आणि उद्या निवड झाली तरी तुम्ही पहिल्या दिवसाचे नवखे!

दुसरी गोष्ट मुलाखतीची. कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की, त्या वर्गातला जो शेवटी आला, तो आधी जाईल. वेगळे करायचे तर मालकाने कारण नोंदवले पाहिजे. म्हणजे सेवाज्येष्ठतेची यादी बोलते, साहेबाची मर्जी नव्हे. मुलाखत आली की यादी गेली. मग 'वागणूक', 'संवादकौशल्य', 'टीममध्ये बसतो का' याचे गुण. आमच्या माणसाचे आडनाव, वस्ती, बोली या गुणांत कुठे बसते, हे वाचकांना सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते आमच्यासाठी बंद होते, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या तोंडाचा विटाळ होई. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. तेव्हा नकार उघड होता. आता तो गुणपत्रिकेवर येतो.

(शेवटी आला तो आधी, या नियमाची धार आमच्यावरही चालते, हेही कबूल केले पाहिजे. जिथे अनुशेष वर्षानुवर्षे रखडवून उशिरा भरला, तिथे यादीच्या तळाशी आमचीच मुले असतात. तरीही यादी भिंतीवर वाचता येते, साहेबाचे मन वाचता येत नाही.)

नव्या संहितेने काय हिरावले, तेही पाहा. पूर्वी 100 कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागे. आता ही अट 300 कामगारांपासून सुरू होते. कपात झालेल्याला पुन्हा भरतीत पहिला हक्क आधी मुदतीशिवाय होता. आता एका वर्षापुरता. वाद नेण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. मात्र कपातीकडे नेणारी नवी यंत्रणा किंवा पद्धत आणायची तर 21 दिवस आधी बदलाची नोटीस देण्याचे बंधन टिकले आहे. आमच्या बांधवाच्या पत्रकात आठच दिवस होते.

आणखी एक सापळा पदनामाचा. नव्या रचनेत फिटरचा 'सुपरवायझर' होतो, घरी पेढे वाटले जातात. पर्यवेक्षकाचे काम आणि महिना 18,000 रुपयांच्या वर पगार, असे झाले की माणूस 'कामगार' या व्याख्येबाहेर पडतो. न्यायालये पाटी बघत नाहीत, प्रत्यक्ष काम बघतात, हे खरे. पण ते सिद्ध करत बसायचे कोणी? तेव्हा रोजच्या कामाची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी.

कंत्राटी बांधवांना तर दर नव्या ठेकेदाराबरोबर हा अर्ज करावाच लागतो. झाडू तोच, गल्ली तीच, ठेकेदाराचे नाव तेवढे बदलते. 30 ऑगस्ट 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सांगितले की, कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही. पण त्याच निकालात असेही आहे की, मूळ मालकाने त्या कामावर नियमित भरती केली तर जुन्या कंत्राटी कामगारांना प्राधान्य द्यावे, वयाची आणि तांत्रिक नसलेल्या शिक्षणाची अट गरजेप्रमाणे शिथिल करावी. आणि कंत्राटच बनावट असेल, तर कामगार मूळ मालकाचाच. मुंबई महापालिकेच्या 2,700 सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत हीच लढाई लढली आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयात जिंकली. त्यांनी नव्याने अर्ज केले नव्हते, जुन्या सेवेचा हिशेब मागितला होता.

आमच्या बांधवाने अर्ज केला. पोट आहे, करावाच लागला. पण वर आम्ही एक ओळ घालायला लावली: 'माझ्या आजवरच्या सेवेचे सर्व हक्क राखून हा अर्ज करीत आहे.' आवकच्या खिडकीवरच्या बाबूने ती ओळ वाचली आणि पोच द्यायला नकार दिला. तेव्हा तोच अर्ज स्पीड पोस्टाने गेला, एक प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. खात्यातल्या आणखी अकरा जणांनी ती ओळ उतरवून घेतली आहे. राजीनाम्याचा कागद अजून कोराच आहे.