वसिष्ठाने पकडलेली माझी चूक

रत्नागिरीहून पुन्हा एकदा मी. "चंद्र बघून झाला, शनीची कडी बघून झाली, आता दुर्बिणीचं काय करू?" असं विचारणाऱ्यांसाठी आजचा भाग. उत्तर सोपं आहे: आता मोजायला लागा.

लग्नात गुरुजी वसिष्ठ-अरुंधती दाखवतात ना? सप्तर्षीच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून असलेली बारीक अरुंधती. ही जोडी नुसत्या डोळ्यांनी दिसते. पण छोटी दुर्बीण रोखलीत, की खुद्द वसिष्ठाचेच दोन तारे होतात! अशांना जोडतारे म्हणतात, पुस्तकात युग्मतारे. काही जोड्या नुसत्या एका रेषेत आल्यामुळे जवळ दिसतात, काही खरोखर एकमेकांभोवती फिरतात. कुठली कशी, हे कळायला दोन गोष्टी वर्षानुवर्षं मोजाव्या लागतात: दोघांमधलं अंतर आणि दिशा. अंतर मोजतात विकलांमध्ये. एका अंशात 3600 विकला.

आता युक्ती. मोबाईल दुर्बिणीच्या भिंगावर क्लिपने बसवायचा, दुर्बीण अजिबात हलवायची नाही, आणि व्हिडिओ सुरू. पृथ्वी फिरते म्हणून तारे फ्रेममधून सरकत जातात. सरकतात ती दिशा पश्चिम. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे सेकंदाला 15 विकला. तारा सेकंदाला किती पिक्सेल सरकला ते मोजलं, की एक पिक्सेल किती विकलांचा हे कळतं. पट्टी आकाशानेच दिली!

एप्रिलमध्ये गच्चीवर बसून मी हे केलं. दमट हवा, भिंग दर दहा मिनिटांनी पुसायचं. रात्री दीड वाजता उत्तर आलं: 25 विकला. कॅटलॉग उघडला, तर तिथे साधारण 14!

खरं सांगते, वहीत 15 लिहून झोपायचा मोह झाला. कोणाला कळणार होतं? सकाळी सरांना वही दाखवली. ते म्हणाले, "अगं, उत्तर बघून आकडा बदललास तर ती नक्कल झाली. 25 तसाच ठेव, आणि ध्रुवतारा सेकंदाला किती सरकतो ते सांग."

ध्रुव? तो तर जवळजवळ हलतच नाही! आणि माझी ट्यूब पेटली. 15 विकलांचा वेग खगोलीय विषुववृत्तावरच्या ताऱ्यांचा. ध्रुवाकडे जाल तसा तो कमी होतो. वसिष्ठ विषुववृत्ताच्या 55 अंश उत्तरेला, म्हणून 15 ला 55 अंशांच्या कोसाइनने गुणायचं. वेग उरतो सेकंदाला फक्त 8.6 विकला. त्या हिशेबाने माझं अंतर आलं सुमारे 14.3. अकरावीत पाठ केलेला कोसाइन मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. 25 मात्र वहीत अजून आहे, शेजारी कारणासकट.

आता म्हणाल, आकडा आधीच माहीत असताना मोजायचं कशाला? वसिष्ठ हा सराव. खरं काम पुढे आहे. 1689 मध्ये पाँडिचेरीत जाँ रिशो नावाच्या फ्रेंच पाद्रींना मित्र तारा दुहेरी दिसला. मे महिन्यात आपल्या दक्षिण क्षितिजावर खाली दिसतो, तोच. त्या दोन ताऱ्यांची एक फेरी सुमारे 80 वर्षांची, म्हणजे एका माणसाचं अख्खं आयुष्य. कित्येक जोड्यांना तर शतकं लागतात. कक्षा काढायची तर आधीच्या माणसांनी प्रामाणिकपणे लिहिलेले आकडेच हवेत. वॉशिंग्टन डबल स्टार कॅटलॉगमध्ये दीड लाखांहून जास्त जोड्या आहेत. 'जर्नल ऑफ डबल स्टार ऑब्झर्व्हेशन्स' विद्यार्थ्यांनी केलेली मोजमापंही छापतं.

तर पाऊस सुरू व्हायच्या आत एक जोडी निवडा. किमान दहा व्हिडिओ घ्या, सरासरी काढा, तारीख लिहा. आणि उत्तर चुकलं, तर खोडू नका. भेटू पुढच्या भागात!