संस्था काढायची आहे? आधी वीजबिल!

रायगडच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर हंड्यांची रांग लागते. डोंगर उभे, खाली काळा कातळ, नद्या आखूड. पाणी मुरायच्या आत समुद्रात! खाडीलगत बोअर मारली तर बऱ्याचदा खारं पाणी लागतं.

एन.एस.एस. कॅम्पहून आल्यावर आमच्या ग्रुपमध्ये 'आपणच पाण्यासाठी संस्था काढूया' असं जोरात सुरू झालं, म्हणून मी माहिती काढली. संस्था काढणं त्यातल्या त्यात सोपं. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात माणसं, लेखी घटना, १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि दरवर्षी ऑडिट. सात जण तर आमच्या विंगमध्येच आहेत!

खरं गणित पुढे. समजा, ४० घरांची, २०० माणसांची वाडी. २०१९ च्या जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे ११,००० लिटर. विहीर ६० मीटर खाली आहे आणि पंप-पाइपमध्ये निम्मी वीज वाया जाते असं धरलं, तर रोज साधारण साडेतीन युनिट. महिन्याला घरामागे तीन युनिटसुद्धा नाही. (परीक्षेतली गणितं इतकी सरळ का नसतात?) पण पाणीपट्टी गोळा कोण करणार? मे महिन्यात मोटर जळली तर? टाकीत टी.सी.एल. पावडर रोज कोण टाकणार? टाकीसाठी देणगी मिळते, कारण टाकीवर नाव रंगवता येतं. वीजबिलावर नाही. म्हणून म्हसळा, श्रीवर्धन भागात काम करणारी स्वदेस फाउंडेशन गावागावांत समित्या उभ्या करते, ते मला पटतं.

नळ कुठे बसवायचा, हाही प्रश्न आहेच. महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे चालत जावं लागलं. हायकोर्टाचा निकाल आला १९३७ मध्ये! आज आदिवासीवाडी गावाच्या टोकाला असली, की लाइन तिथे पोचेपर्यंत प्रेशर संपतं. तिच्यासाठी टाकीपासूनच वेगळी लाइन आणि वेगळा व्हॉल्व्ह हवा.

नोंदणीचा फॉर्म सध्या बाजूला ठेवलाय. मेअखेरपर्यंत दर रविवारी कॅम्पच्या वाडीतल्या विहिरीची पातळी मोजायची ठरलंय. दोरी, टेप, वही आहे. बाइकवाला एक जण हवाय.