कोशाचे कापड का आटते?

गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड येथील कोशाचे कापड तुम्ही पाहिले असेल. ऐन व अर्जुनाच्या पाल्यावर वाढणाऱ्या टसर अळ्यांच्या कोशांपासून त्याचा धागा काढतात. एवढे महागाचे कापड न भिजवता शिवले, तर पहिल्याच धुण्यात सदरा आखूड होण्याचा संभव असतो. असे का व्हावे?

मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, घट्ट ताणलेले असतात. कापड मागावरून उतरले तरी हा ताण पूर्ण जात नाही. कापड भिजले की तो सैल होतो आणि धागे मूळ लांबीकडे परततात. शिवाय पाणी पिऊन धागा फुगतो. त्याच्या वरून-खालून जाणाऱ्या दुसऱ्या धाग्याला मोठा वळसा घ्यावा लागतो; पण त्याची लांबी तर तेवढीच! मग कापडच आखडते.

आता हा प्रयोग करा. नव्या कापडाच्या तुकड्यावर २० सें.मी. अंतराने दोन टाके घाला. तुकडा तासभर पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत सपाट वाळवा आणि पुन्हा मोजा. अंतर १९ सें.मी. भरले, तर कापड शेकडा ५ आटले. उभ्या व आडव्या दोन्ही दिशांनी मोजा.

क्रोशाच्या लेशीचेही असेच मापन करा. लेस आणि कापड सारखे आटत नसतील, तर धुतल्यावर काठाला चुण्या पडतील. म्हणून दोन्ही आधी भिजवून, वाळवून मगच जोडावीत.

रेशीम हे प्रथिन आहे. तीव्र सोड्याने ते कमकुवत होते. तेव्हा धुण्यासाठी सौम्य साबणच वापरा.