रडून रडून डोळे जातात काय?

जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मग्राम. १६०८ सालीं तेथें जन्मलेला ठोसरांचा नारायण बाराव्या वर्षीं लग्नमंडपांतील ‘सावधान’ हा शब्द ऐकून निघून गेला आणि चोवीस वर्षांनीं गोसाव्याच्या वेषांत त्याच दारीं भिक्षेला उभा राहिला, अशी परंपरागत चरित्रांतील कथा आहे. मधल्या काळांत माता राणूबाई पुत्रासाठीं रडून रडून अंध झाल्या होत्या आणि त्याचा हात फिरतांच त्यांना पुन्हां दिसूं लागलें, असेंही तींत सांगतात. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे ठेवला, तरी प्रश्न उरतोच: रडण्यानें दृष्टि जाते काय? आणि मनुष्य रडतो तरी कशासाठीं?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें आहे. अश्रु डोळ्यांचे वैरी नसून राखणदार आहेत. प्रत्येक डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूस, अश्रुग्रंथि असते. तिचें पाणी पापणीच्या उघडझापेबरोबर बुबुळावर पसरतें व आंतल्या कोपऱ्यांतील दोन सूक्ष्म छिद्रांवाटे नाकांत उतरतें. रडतांना नाक वाहतें तें यामुळेंच. १९२२ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं वर्णिलेलें ‘लायसोझाइम’ हें जंतुनाशक द्रव्य अश्रूंत विपुल असतें. उतारवयांत दृष्टि हरपते ती पुष्कळदां मोतीबिंदूमुळें, म्हणजे डोळ्यांतील भिंग गढूळ झाल्यानें. उतारवय आणि दुःख यांची गांठ वारंवार पडते. म्हणून एकाचा दोष दुसऱ्याच्या माथीं बसला असावा.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. डोळा ओला ठेवणारे, कांद्यानें वा धुरानें येणारे आणि मन भरून आल्यानें येणारे, असे अश्रूंचे तीन प्रकार आहेत. पहिले दोन इतर प्राण्यांतही आढळतात. तिसरा, आजच्या ज्ञानानुसार, मनुष्याचाच. नवजात अर्भक टाहो फोडतें, परंतु पहिले कांहीं आठवडे त्याच्या गालांवर अश्रु ओघळत नाहींत. डार्विननें १८७२ च्या आपल्या ग्रंथांत हें नोंदविलें. मात्र दुःखाश्रूंना कांहीं हेतु असावा, असें त्याला वाटलें नाहीं. पुढें १९८१ मध्यें विल्यम फ्रे यांना दुःखाश्रूंत कांद्याच्या अश्रूंहून अधिक प्रथिनें आढळलीं. त्यावरून अश्रूंवाटे शरीरांतील विषारी द्रव्यें धुऊन जातात, अशी कल्पना निघाली. पण ती सिद्ध झालेली नाहीं.

२००९ मध्यें रॉबर्ट प्रोव्हाइन व त्यांचे सहकारी यांनीं रडणाऱ्या चेहऱ्यांचीं छायाचित्रें घेऊन त्यांतील अश्रु तेवढे पुसले. पाहणारांना तेच चेहरे कमी दुःखी वाटले. कांहींचा भाव तर संदिग्ध झाला. म्हणजे अश्रु ही शब्दांवांचून घातलेली साद आहे. टाहो दूरवर ऐकूं जातो व संकटही ओढवून आणतो. अश्रु मात्र समोरच्यालाच कळतात. रडल्यानें मन हलकें होतें, तेंही सर्वदा नव्हे. जवळ कोणी धीर देणारें असल्यास तें अधिक घडतें, असें पाहणींत दिसून आलें आहे.

म्हणून शोकाकुल मनुष्यास ‘रडूं नकोस, डोळे जातील’ असें बजावण्यापेक्षां त्याच्याजवळ बसणें बरें. आणि घरांतील वृद्धेला अंधुक दिसूं लागल्यास दोष अश्रूंना न देतां तिला नेत्रवैद्याकडे न्यावें. जांबच्या मातेची दृष्टि कशी परतली, हें शास्त्राला सांगतां येणार नाहीं. परंतु चोवीस वर्षें निरुत्तर राहिलेल्या तिच्या अश्रूंना त्या दिवशीं उत्तर मिळालें, हें मात्र कोणालाही समजण्यासारखें आहे.