ओढणारी नळी, ढकलणारी नळी

सकाळी आठ. मे महिन्यात जळगावात दुकान लवकर उघडावं लागतं. दुपारी पारा 43-44 वर गेला की बाजारात चिटपाखरू नसतं. पहिलं काम नळ्यांची वेटोळी सावलीत ओढण्याचं. उन्हात पीव्हीसी मऊ पडतं आणि वरच्या भाराने खालची नळी चपटी झाली की ती सक्शनच्या कामातून गेलीच.

नऊ. तापीकाठचे एक आप्पा येतात. "भाऊ, इंजन चालस, पन पानी येत नही." सक्शनमध्ये त्यांनी मधेच साध्या नळीचा तुकडा जोडला आहे. पंपापुढची, म्हणजे डिलिव्हरीची नळी आतून फुगते; मागची, म्हणजे सक्शनची बाहेरून दाबली जाते. पंप आतली हवा ओढतो, बाहेरची हवा नळीला चेपते. म्हणून तिच्या भिंतीत कडक पीळ किंवा तारेची कडी लागते. डिलिव्हरीला लपेटा पाईपही चालतो.

मग मी विचारतो, पंपापासून पाणी किती खाली? हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त 10.3 मीटर उचलतो, तेही कागदावर. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे जाऊ नये. उन्हाळ्यात नदी खाली जाते तेव्हा लोक नळी वाढवतात; खरं तर इंजिन खाली न्यायला हवं. डिलिव्हरीचा जोड गळला तर दिसतो, सक्शनचा गुपचूप हवा ओढतो. आप्पांना सांगतो, जोडावर ओलं फडकं घट्ट गुंडाळा. पाणी धरलं तर चोर तिथेच.

अकरा. एक मेकॅनिक इंजिनाच्या थंडाव्याची नळी मागतो. शेतातल्या कितीतरी डिझेल इंजिनांत डिलिव्हरीचंच थोडं पाणी सिलिंडरभोवती फिरून बाहेर पडतं. ते कढत असतं, आणि तिथे बागेची स्वस्त नळी लावली की ती लोळागोळा होऊन वाट बंद करते. पाणी अडलं की हेड गेलं. या जागी मी कापडी पदराची रबरी नळीच देतो, गिऱ्हाईक रागावलं तरी.

समुद्रावरच्या इनबोर्ड, म्हणजे पोटात इंजिन असलेल्या बोटींत हाच धोका कितीतरी मोठा. तिथे थंडाव्याचं पाणी सायलेन्सरकडच्या धुरात सोडतात. त्या ओलाव्यामुळेच रबरी नळी टिकते. पाणी थांबलं की कोरडा धूर नळी जाळू लागतो आणि बोटीत आगीचं भय उभं राहतं. तिथली नळी निवडताना पाणी बंद पडल्यावर ती किती वेळ तग धरेल, हे आधी पाहावं लागतं.

एक ते चार दुकान बंद.

साडेचार. पारोळ्यावरून धुळ्याला जाणारं पार्सल बांधतो. तिकडे पांझरा नदीवरच्या जुन्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी उतारानेच रानात जातं, नळी लागतच नाही. ती बसवणाऱ्या जुन्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. पण काठापेक्षा शेत उंच असलं की पंप आलाच.

सहा. तरुण शेतकरी अडीच इंची नळी मागतो. मी पंपाचं तोंड मोजायला सांगतो, कारण नळीचा आकार आतून धरतात. तोंड तीन इंची निघतं. अरुंद सक्शनने पंपाची दमछाक होते. तीन इंची नळी, दोन क्लिपा आणि जाळीचा फूट व्हॉल्व्ह त्याला देतो.