चांदीवरचा ग्रीक साचा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तमिळ मुलखातल्या या मराठीचं आपल्याला कौतुक असतं. उलटा प्रकार मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. त्याच्या सुमारे सोळाशे वर्षं आधी सातवाहन राजांनी आपल्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला तमिळशी जवळचं नातं असलेली द्राविड भाषा लिहिली. एकीकडे ‘सिरि’, दुसरीकडे ‘तिरु’. काही अभ्यासक तिला तमिळ म्हणत नाहीत, तेलुगूचं जुनं रूप म्हणतात. तो वाद चालू द्यावा; नाणं दाक्षिणात्य वाचकासाठी आहे, एवढं दोन्ही पक्षांना मान्य व्हावं. नवल आहे ते घडणीचं. राजाचा एका बाजूने दिसणारा चेहरा आणि कडेनं फिरणारी अक्षरं, हा थाट हिंदी-ग्रीक राजांच्या द्रम्मांचा, म्हणजे चांदीच्या नाण्यांचा.

दख्खनवर ग्रीकांनी कधी राज्य केलं नाही, मग हा साचा आला कसा? माझ्या मते तो बाजारातून आला. मिनँडर आणि अपोलोडोटस या हिंदी-ग्रीक राजांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी त्यांच्यानंतर दोनेकशे वर्षांनीही भडोचच्या बंदरात चालत होती, असं ‘पेरिप्लस’ हा जुना ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो. राजे गेले, चांदीवरचा विश्वास उरला. तोच साचा पश्चिम क्षत्रप नहपानानं उचलला: त्याच्या नाण्यावर चेहरा आणि चक्क ग्रीक लिपी, पण त्या लिपीत लिहिलंय प्राकृतच. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला त्याची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा उमटवला होता. म्हणजे शत्रूचं नाव पुसायचं होतं, चांदी आणि वजन मात्र हवं होतं.

कुणी म्हणेल, चेहऱ्याची कल्पना रोमन असेल. रोमन नाणी दक्षिणेत ढिगानं सापडतात. चेहऱ्याच्या रेखाटनात रोमचा हात असेलही. पण रोमन दिनार साडेतीन ग्रॅमच्या पुढचा आणि ही नाणी दोन ग्रॅमच्या आसपासची, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅमच्या हिंदी-ग्रीक द्रम्माच्या पंक्तीतली. आणखी एक खूण आहे. सातवाहनांच्या शिसं आणि पोटीन हा मिश्रधातू यांच्या रोजच्या नाण्यांवर बहुधा हत्ती, टेकडी, उज्जैन चिन्ह दिसतं. चेहरा प्रामुख्यानं चांदीवर, जी दूरच्या व्यापाऱ्याच्या हाती जायची.